परीक्षकांची परीक्षा

नोव्हेंबर १९७८. पश्चिम बंगाल सरकारने नेमलेल्या एका समितीसमोर कलकत्त्याचे एक डॉक्टर जबाब देत होते. त्यांचे नाव डॉ. सुभाष मुखोपाध्याय. वय ४७, सरकारी नोकरीत शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक, नावावर दोन डॉक्टरेट, त्यांतली दुसरी एडिंबरा विद्यापीठाची. त्यांचे म्हणणे असे होते की ३ ऑक्टोबरला कलकत्त्यात जन्मलेली एक मुलगी शरीराबाहेर फलित केलेल्या बीजांडातून वाढली आहे. म्हणजेच ती टेस्ट ट्यूब बेबी आहे. असे जगातले पहिले बाळ, लुईस ब्राऊन, इंग्लंडमध्ये २५ जुलैला जन्मले होते. कलकत्त्याच्या या मुलीला लोक 'दुर्गा' या नावाने ओळखू लागले.

समितीचे अध्यक्ष रेडिओ-भौतिकीचे अभ्यासक होते. सदस्यांमध्ये शरीरक्रियाशास्त्र आणि स्त्रीरोगशास्त्र जाणणारे होते, पण मानवी बीजांडाचे शरीराबाहेर फलन किंवा गर्भ गोठवून ठेवणे या कामाचा प्रत्यक्ष अनुभव कोणालाच नव्हता. या बैठकीतला एक प्रसंग पुढे अनेकांनी सांगितला आहे. गर्भ कशात ठेवले होते, असे मुखोपाध्यायांना विचारले गेले. काचेच्या बंद कुप्यांत, असे त्यांनी सांगितले. कुप्या बंद कशा केल्या? उष्णतेने. यावर, उष्णतेने गर्भ मरणार नाही का, असा आक्षेप आला.

प्रयोगशाळेत काम केलेल्या माणसाला हा आक्षेप टिकणारा वाटणार नाही. अशा कुपीची मान लांब आणि निमुळती असते. द्रव असतो तळाशी. ज्योत लावायची ती मानेच्या टोकाला आणि तीही क्षणभर. काच वितळून टोक बंद होते, तळाला त्याची झळ पोहोचत नाही. इंजेक्शनच्या औषधांच्या कुप्याही अशाच बंद करतात. शेजारच्या प्रयोगशाळेत जाऊन पाच मिनिटांत पाहता आली असती, अशी ही गोष्ट. ती कोणी पाहिली नाही. समितीने दावा अविश्वसनीय ठरवला.

विज्ञानाच्या संस्था चाकोरीबाहेरच्या माणसाशी कशा वागतात, याचा विचार मला या कुपीपासून सुरू करावासा वाटतो. कारण इथे चूक शंका घेण्यात झालेली नाही. शंका घेणे हे विज्ञानाचे कामच आहे. चूक झाली ती शंका घेऊन तिथेच थांबण्यात.

नेमके केले काय होते?

मुखोपाध्यायांवर विश्वास बसू नये अशी काही कारणे होती, हे आधी मान्य केले पाहिजे. त्यांच्याकडे मोठी प्रयोगशाळा नव्हती. बरेचसे काम साध्या साधनांवर झाले होते. सहकारी दोनच: अतिशीत तंत्राचे जाणकार सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य. बातमी वर्तमानपत्रांतून आधी पसरली. शास्त्रीय नियतकालिकात आली ती एक छोटी टिप्पणी. मुलीच्या आईवडिलांना लोकांच्या नजरा नको होत्या, त्यामुळे त्यांना पुढे आणून साक्ष देता येत नव्हती. या परिस्थितीत कोणीही पुरावा मागितलाच असता, आणि तो मागणे योग्यच होते.

पण त्यांनी वापरलेली पद्धत समजून घेतली की कळते, हा माणूस कोणाची नक्कल करत नव्हता. इंग्लंडमध्ये रॉबर्ट एडवर्ड्स आणि पॅट्रिक स्टेप्टो यांनी स्त्रीच्या नैसर्गिक मासिक चक्रात तयार होणारे एकच बीजांड, पोटाला छोटा छेद देऊन, दुर्बिणीच्या मदतीने मिळवले होते. मुखोपाध्यायांनी वेगळा रस्ता धरला. त्यांनी संप्रेरके देऊन एकाच चक्रात अनेक बीजांडे पक्व करून घेतली. ती काढण्यासाठी पोट न उघडता योनिमार्गातून वाट काढली.

पुढचा विचार तर फारच दूरचा होता. संप्रेरकांच्या माऱ्यामुळे बीजांडे जास्त मिळतात, पण त्याच माऱ्याने गर्भाशयाचे अस्तर बिघडते आणि गर्भ रुजण्याची शक्यता कमी होते. मग त्याच महिन्यात गर्भ ठेवण्याची घाई का करावी? मुखोपाध्यायांनी आठ पेशींपर्यंत वाढलेले गर्भ डायमिथाइल सल्फॉक्साइड या संरक्षक द्रव्यात घालून द्रव नायट्रोजनच्या तापमानाला गोठवले. ५३ दिवसांनी, आईचे चक्र पुन्हा नैसर्गिक झाल्यावर, गर्भ वितळवून गर्भाशयात सोडला.

आज देशोदेशीच्या वंध्यत्व-निवारण केंद्रांत हेच होते. संप्रेरके देऊन अनेक बीजांडे घेतात, ती योनिमार्गातूनच काढतात, गर्भ गोठवतात आणि अस्तर अनुकूल झाले की आत सोडतात. गोठवलेल्या गर्भातून गर्भधारणा झाल्याचा ऑस्ट्रेलियातला पहिला शास्त्रीय अहवाल आला १९८३ साली, आणि तिथे तसे बाळ जन्मले १९८४ मध्ये. कलकत्त्यातले काम त्याच्या पाच-सहा वर्षे आधीचे होते.

एक दार आणि अनेक दारे

इंग्लंडमध्ये एडवर्ड्स-स्टेप्टोंचे स्वागत झाले होते, असे मानायचे कारण नाही. १९७१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने त्यांचा अनुदानाचा अर्ज नाकारला. आक्षेप नैतिक होते, सुरक्षिततेचेही होते. वैद्यकीय क्षेत्रातल्या बड्या मंडळींनी त्यांच्यावर उघड टीका केली. तरीही काम चालू राहिले. ओल्डहॅमजवळच्या एका लहानशा रुग्णालयात त्यांना जागा मिळाली, खाजगी देणग्यांतून पैसा उभा राहिला, आणि केंब्रिज विद्यापीठातली एडवर्ड्स यांची नोकरी टिकली. एका संस्थेने दार लावले, पण बाकीची दारे उघडण्याचा किंवा बंद करण्याचा अधिकार त्या संस्थेकडे नव्हता. २०१० मध्ये एडवर्ड्स यांना नोबेल पारितोषिक मिळाले. स्टेप्टो १९८८ मध्येच वारले होते.

कलकत्त्यात तसे नव्हते. मुखोपाध्यायांना पगार देणारे सरकार, त्यांची बदली करणारे सरकार, परदेशी जायची परवानगी देणारे सरकार आणि त्यांच्या संशोधनाचा खरेखोटेपणा ठरवणारी समिती नेमणारेही तेच सरकार. जपानमधल्या क्योटोहून त्यांना आपले काम मांडण्यासाठी निमंत्रण आले. जाण्याची परवानगी मिळाली नाही. हा निर्णय सगळ्यात जास्त खुपतो. ज्या विषयाचे जाणकार देशात जवळपास नव्हतेच, त्या विषयातला दावा तपासायचा तर जाणकारांपुढे जाण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. तो खोटा असता तर क्योटोतल्या प्रश्नांपुढे टिकला नसता. खरा असता तर तिथेच उजेडात आला असता. दोन्ही बाजूंनी फायदाच होता.

जून १९८१ मध्ये त्यांची बदली नेत्रविज्ञानाच्या एका संस्थेत झाली. संप्रेरके आणि प्रजनन यांवर आयुष्य घालवलेल्या संशोधकाला डोळ्यांच्या विभागात नेऊन बसवले. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आपले जीवन संपवले. तेव्हा ते ५० वर्षांचे होते.

मुंबईहून आलेली साक्ष

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात हर्षाचा जन्म झाला. त्यामागे परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार आणि केईएमच्या डॉ. इंदिरा हिंदुजा होत्या. प्रत्येक पायरीची नोंद होती, शास्त्रीय अहवाल होता. भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून हर्षाचे देशभर नाव झाले.

१९९७ मध्ये एका वैज्ञानिक परिषदेसाठी आनंदकुमार कलकत्त्याला गेले. तिथे सुनीत मुखर्जींनी जपून ठेवलेली मुखोपाध्यायांची हस्तलिखित टिपणे त्यांच्या हाती आली. त्यांनी ती बारकाईने वाचली. संप्रेरकांच्या मात्रा, दिवस, गोठवण्याची पद्धत, वितळवण्याची पद्धत, एकेक दुवा त्यांनी जोडून पाहिला. मुलीच्या आईवडिलांशी ते बोलले. त्यांची खात्री पटली, आणि त्याच वर्षी 'करंट सायन्स' या नियतकालिकात त्यांनी लेख लिहून जाहीर केले की भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे श्रेय सुभाष मुखोपाध्यायांचे आहे.

हे लिहिताना 'पहिला' हा मान ते स्वतःच्या हाताने दुसऱ्याला देत होते. त्यांना कोणी विचारले नव्हते, भाग पाडले नव्हते. ते गप्प राहिले असते तरी कोणाच्या लक्षात आले नसते. विज्ञानाच्या नीतीचे याहून स्वच्छ उदाहरण मला तरी माहीत नाही. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही मुखोपाध्यायांच्या कामाची दखल घेतली.

आनंदकुमारांनी १९९७ मध्ये जे केले ते १९७८ मध्येच करता आले असते, हे इथे नीट ध्यानात घ्यायला हवे. टिपणे तेव्हाही होती. सहकारी होते. आईवडील होते, त्यांचे नाव गुप्त ठेवून त्यांच्याशी बोलता आले असते. आणि मुख्य म्हणजे ज्याला प्रश्न विचारायचे तो माणूस हयात होता.

अशक्य आकृती

आता नाकारल्या गेलेल्या आणखी एका संशोधकाकडे वळू. १९८२ साल आणि अमेरिकेतली नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स ही संस्था. इस्रायलमधल्या टेक्निऑनचे डॅन शेख्टमन तिथे रजेवर येऊन काम करत होते. वेगाने थंड केलेल्या ॲल्युमिनियम-मँगनीज मिश्रधातूचा नमुना ८ एप्रिलला त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. विवर्तनाच्या चित्रात मध्यबिंदूभोवती सारख्या अंतरावर दहा ठळक ठिपके दिसले. शेख्टमन यांनी वहीत 'दहा' ही नोंद केली आणि तिच्यापुढे तीन प्रश्नचिन्हे काढली.

प्रश्नचिन्हे का, हे घरातल्या फरशीवरून समजते. चौकोनी फरशा जमिनीवर फट न ठेवता बसतात, षटकोनीही बसतात. पण सुसम पंचकोनी फरशा कितीही फिरवल्या तरी मध्ये फट राहतेच. स्फटिकातले अणू एकाच नमुन्याची पुनरावृत्ती करत जागा भरतात, असे तेव्हाचे शास्त्र सांगत होते. म्हणून त्यात दोन, तीन, चार किंवा सहा पदरी सममिती चालते. पाच किंवा दहा पदरी चालत नाही, असे प्रत्येक पाठ्यपुस्तकात लिहिलेले होते. शेख्टमन यांच्या गटप्रमुखांनी त्यांना पाठ्यपुस्तकच वाचायला दिले आणि पुढे गट सोडायला सांगितले. एका नियतकालिकाने शोधनिबंध परत पाठवला. नोव्हेंबर १९८४ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'ने तो छापल्यावर विरोधाला उभे राहिले ते लिनस पॉलिंग, दोन नोबेल पारितोषिकांचे मानकरी. हे साधे जुळे स्फटिक आहेत, असे पॉलिंग १९९४ मध्ये मृत्यू येईपर्यंत सांगत राहिले.

मग शेख्टमन टिकले कसे? गटातून काढले तरी त्याच संस्थेत जॉन कान यांच्यासारखे ज्येष्ठ वैज्ञानिक होते, ज्यांनी शेवटी त्या निबंधावर स्वतःचे नाव घातले. टेक्निऑनमधली नोकरी शाबूत होती. तिथल्या इलान ब्लेक यांनी आकृतीचे गणिती प्रारूप करून दिले. तो मिश्रधातू फारसा महाग नव्हता, त्यामुळे निबंध वाचून इतर प्रयोगशाळांनी तो करून पाहिला आणि त्यांनाही तेच दहा ठिपके दिसले. स्फटिकशास्त्रज्ञांचा भरवसा क्ष-किरणांवर होता. क्ष-किरणांच्या प्रयोगांसाठी पुरेसे मोठे स्फटिक १९८७ मध्ये फ्रान्स आणि जपानमध्ये तयार झाले आणि आकृती क्ष-किरणांतही उमटली. १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघटनेने स्फटिकाची व्याख्याच बदलली. २०११ मध्ये शेख्टमन यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

पॉलिंग यांचे मत कितीही वजनदार असले तरी ते मतच राहिले. शेख्टमन यांचा पगार, प्रवास किंवा प्रयोगशाळा यांवर पॉलिंग यांचा हात नव्हता. शेख्टमन आणि मुखोपाध्याय यांच्यातला फरक मला इथेच दिसतो. हिंमत आणि बुद्धी दोघांकडेही होती. एकाच्या विरोधकांकडे फक्त युक्तिवाद होते, दुसऱ्याच्या विरोधकांकडे बदलीचा आदेश काढण्याचा अधिकार होता.

दावा चुकीचा असतो तेव्हा

अशा कथा वाचल्या की प्रत्येक नाकारलेला माणूस उपेक्षित प्रतिभावंत वाटू लागतो. ही समजूत घातक आहे. धाडसी कल्पनांपैकी बहुसंख्य चुकीच्या निघतात, आणि त्या चुकीच्या आहेत हे लवकर कळणे समाजाच्या भल्याचे असते.

२३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स यांनी पत्रकार परिषद घेतली. साध्या तापमानाला, पॅलेडियमच्या विद्युतअग्रावर, जड पाण्यात अणुसंमीलन घडवल्याचे त्यांनी जाहीर केले. ते खरे असते तर जगाचा ऊर्जेचा प्रश्न मिटला असता. ठिकठिकाणचे वैज्ञानिक कामाला लागले. आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही प्रयोग झाले आणि काही अनुकूल निरीक्षणेही नोंदवली गेली. पण बहुतेक नावाजलेल्या प्रयोगशाळांना तो परिणाम दिसला नाही. त्यांनी नोंदवलेली उष्णता अणुसंमीलनातून येत असेल तर न्यूट्रॉनांचा जो मारा व्हायला हवा, तो कुठेच सापडत नव्हता. नोव्हेंबर १९८९ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या समितीने सांगितले की खात्री पटण्याजोगा पुरावा नाही.

या निकालाचा पाया प्रयोगांचा होता. हा दावा वेडगळ दिसतो, म्हणून सोडून द्या, असे म्हणून विज्ञानजगत थांबले नाही. लोकांनी विद्युतघट मांडले, तापमाने मोजली, न्यूट्रॉन शोधले आणि मगच नकार दिला.

असाच एक नमुना पुण्यात घडला. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० अशा २०० कुंडल्या जमवल्या. ज्योतिषांना जाहीर आवाहन केले. प्रत्येकाला त्यांतल्या ४० कुंडल्या, कोणताही क्रम न ठेवता निवडून, पाठवल्या. कुंडली पाहून मूल कोणत्या गटातले ते सांगायचे, एवढाच प्रश्न होता. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांची सरासरी ४६ टक्के आली. निव्वळ अंदाजानेही ५० टक्क्यांच्या आसपास यायला हवी होती. निष्कर्ष २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आले.

नारळीकरांचे या विषयावरचे मत आधीपासून सर्वांना माहीत होते. तरी मतावर न थांबता त्यांनी समोरच्याला संधी दिली, नियम आधी जाहीर केले आणि आकड्यांना बोलू दिले. ज्या दाव्याला विज्ञानात काडीचा आधार नाही त्याला जर एवढी रीतसर चाचणी मिळू शकते, तर द्रव नायट्रोजनच्या तापमानाला गर्भ गोठवणाऱ्या प्राध्यापकालाही ती मिळायला हवी होती.

नारळीकरांची आणखी एक बाजू या प्रकरणात महत्त्वाची आहे. विश्वरचनाशास्त्रात ते स्वतः अल्पमतातले होते. फ्रेड हॉईल यांच्यासह त्यांनी स्थिर-स्थिती विश्वाची बाजू मांडली आणि पुढे १९९३ मध्ये हॉईल व जेफ्री बर्बिज यांच्यासोबत त्याच विचाराचे सुधारित रूप पुढे आणले. जगातले बहुसंख्य वैज्ञानिक महास्फोट सिद्धान्त मानत होते. १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली आणि नारळीकर तिचे संस्थापक-संचालक झाले. आता अधिकार त्यांच्या हाती होता. पण त्यांच्या आयुकात महास्फोटाच्या चौकटीत विश्वाचा अभ्यास करणारे नामवंत संशोधक काम करत होते, आणि गुरुत्वलहरींच्या शोधासाठी लागणाऱ्या विश्लेषणपद्धती तिथे विकसित होत होत्या. संचालकाचे मत संस्थेचे मत झाले नाही. चाकोरीबाहेरच्या माणसाला मोकळीक हवी असते. खुर्ची मिळाल्यावर तीच मोकळीक चाकोरीतल्यांना देणे ही त्याची कसोटी असते.

मग मागायचे काय?

संस्थांनी प्रत्येक धाडसी कल्पनेवर विश्वास ठेवावा, असे मी म्हणत नाही. तसे केले तर पैसा आणि वर्षे दोन्ही वाया जातील. मागण्या याहून साध्या आहेत आणि त्या आपल्या विद्यापीठांना, सरकारी प्रयोगशाळांना आणि वैद्यकीय महाविद्यालयांना आजही लागू पडतात.

दावा तपासणाऱ्या समितीत त्या कामाचा प्रत्यक्ष अनुभव असलेला निदान एक माणूस असावा. देशात नसेल तर बाहेरचा बोलवावा. केंब्रिजला पत्र पाठवणे १९७८ मध्येही अवघड नव्हते. समितीने वह्या वाचाव्यात, उपकरणे पाहावीत, आणि निकाल देताना कोणती गोष्ट कोणत्या कारणाने पटली नाही ते लिहावे, म्हणजे दावा करणाऱ्याला उत्तर देता येईल. 'पटले नाही' आणि 'खोटे आहे' हे दोन वेगळे निकाल आहेत. पुरावा अपुरा असेल तर पहिलाच द्यावा आणि पुढे काय करून दाखवायचे ते सांगावे.

संशोधकावरही जबाबदारी आहे. वही रोज लिहावी, तारखेसह लिहावी आणि ती दुसऱ्याला कळेल अशी लिहावी. मुखोपाध्यायांना न्याय मिळाला तो अखेर टिपणांमुळे. आपले काम वर्तमानपत्रात जाण्याआधी ते पारखणाऱ्या समव्यावसायिकांकडे जावे, यात संशोधकाचेच हित आहे.

आणि सर्वांत मोठी मागणी: कल्पनेचा निकाल आणि माणसाची नोकरी यांची गाठ बांधू नये. कल्पना चुकली तर ती कल्पना टाकून द्यावी. माणसाला मात्र उद्या सकाळी पुन्हा प्रयोगशाळेत येता आले पाहिजे, परिषदेला जाता आले पाहिजे, दुसऱ्या दारावर थाप मारता आली पाहिजे. आपल्याकडे संशोधनाचा बराचसा पैसा सरकारी आहे आणि अनेक संशोधक सरकारी नोकरीत आहेत, म्हणून ही गाठ सोडवण्याची गरज आपल्याला इतरांपेक्षा जास्त आहे. अनुदान देणाऱ्या संस्था एकापेक्षा अधिक असाव्यात, बदलीचे अधिकार वैज्ञानिक वादांपासून दूर ठेवावेत, आणि चौकशी समिती त्या संशोधकाच्या वरिष्ठांनी नेमू नये. या तिन्ही गोष्टी नियमांत लिहिता येण्याजोग्या आहेत. त्या लिहून घेणे हे ज्यांच्या हाती आज विज्ञानाचा कारभार आहे त्यांचे काम आहे, आणि ते त्यांच्याकडून करून घेणे हे आपल्या सर्वांचे.